तिसऱ्या रांगेचं अंतर

हलूनका काकांना खऱ्या नावानं हाक मारणारं आता कुणी उरलं नव्हतं. आयुष्यभर माणसांना स्टुलावर बसवून ते एकच सांगत आले, "हलू नका!" आणि उसनं आणलेलं भांडं धुऊन परत करावं तसं गल्लीनं ते दोन शब्द त्यांचे त्यांनाच परत केले. पोरंसोरं त्याच नावानं हाक मारत, टपालवालाही मारे. काकू रागात असल्या की पलीकडून म्हणत, "काय हो हलूनका, जेवायला तरी हलणार का?"

दुकान एका खोलीचं. मधोमध प्लायवूडची भिंत. अलीकडे काकांचा स्टुडिओ: एक स्टूल, छत्रीचा दिवा आणि मागे आकाशी पडदा. त्या पडद्यावरचं आकाश उन्हानं केव्हाच पांढरं पडलं होतं. पलीकडे काकूंचं टेबल. तिथं बिघडलेले कॅमेरे आणि लेन्स येत, आणि काकू त्यांची पोटं उघडून बसत. रबरी चटई, अंड्यांच्या ट्रेमध्ये खणाखणांनी ठेवलेले स्क्रू, हवा मारायचा फुगा आणि पेनाएवढी बारीक टॉर्च. लेन्समध्ये टॉर्च मारून काकू म्हणत, "बुरशी आहे. कपाटात कोंडून ठेवली होती ना? खोटं बोलू नका." गिऱ्हाईक मान खाली घालून कबूल करी.

जगाच्या लेन्समधली बुरशी काकूंना हातभरावरून कळे. नवऱ्याच्या डोळ्यांवर मात्र वर्षभर साय धरत चालली होती, ती कळली नाही. कळणार तरी कशी? नवऱ्याच्या डोळ्यांत टॉर्च कोण मारतं?

काकांना मात्र सगळं ठाऊक होतं. "जरा कोपऱ्यात जाऊन येतो" असं सांगून ते एकदा डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन आले होते. मोतीबिंदू, दोन्ही डोळ्यांत, चांगला पिकलेला. डॉक्टर म्हणाले, "आतली लेन्स काढू, नवी बसवू. काही नसतं त्यात." काका म्हणाले, "विचार करून सांगतो," आणि जे उठले ते घर गाठूनच थांबले. लेन्स काढून परत बसवणं म्हणजे काय, ते त्यांनी प्लायवूडच्या पलीकडे उभा जन्म पाहिलं होतं. दर वेळी एखादा स्क्रू उरतोच.

शिवाय लेकीचं नाटक होतं.

गावातल्या नाट्यगृहाच्या दालनात एक भिंत होती. ज्यानं ज्यानं तिथं मुख्य भूमिका केली, त्याचा एकेक फोटो त्या भिंतीवर. सगळे काकांनी काढलेले. लेक लहान असताना त्या भिंतीखाली उभी राहून विचारायची, "बाबा, माझा कधी?" आणि काका म्हणायचे, "आधी मोठी हो, मग हलू नकोस." आता ती मोठी झाली होती. तिला पहिल्यांदाच मुख्य काम मिळालं होतं. दोनच प्रयोग व्हायचे होते. तेवढा एक फोटो आपल्या हातून निघू दे, मग डोळ्यांचं काय करायचं ते करा, असं काकांनी मनाशी धरलं होतं. काकूंना कळलं असतं तर त्यांनी कॅमेरा काढून घेऊन काकांना त्याच दिवशी डॉक्टरांच्या खुर्चीत बसवलं असतं.

बरं, दिसत नसताना काका फोटो काढत कसे? कानांनी.

काकांची लेन्स जुनी, जड, पितळी पोटाची. बटण अर्धं दाबलं की कॅमेऱ्याच्या आतली मोटर जागी होई आणि लेन्सला फिरवी, "घर्र्‌घर्र्‌घर्र्‌... टक्‌." ते "टक्‌" ऐकू आलं की समजायचं, फोकस सापडला. मग बटण पुरतं दाबायचं. आंधळी म्हातारी जशी चुलीवरच्या दुधाचा आवाज ऐकून ते उतरवते, तसं काकांचं वर्षभर चाललं होतं. एकही फोटो चुकला नव्हता. एकदा फक्त त्यांनी छत्रीच्या दिव्याला "जरा हनुवटी वर" म्हटलं, पण गिऱ्हाईकाला वाटलं, विनोदी स्वभाव आहे.

घात झाला तो रंगीत तालमीला.

नाटकात लेक एका म्हाताऱ्या आईचं काम करत होती. मुलगा दूर गेलेला, येईना. शेवटी ती त्याच्यासाठी विणलेला स्वेटर पुन्हा उसवत बसते आणि मग लोकरीची टोपली पायऱ्यांवरून लाथाडते, असा प्रवेश. त्यात शब्द एकही नाही. ती स्वेटर उसवतेय, सभागृह श्वास धरून बसलंय, आणि दहाव्या रांगेमागच्या खांबाजवळून आवाज आला, "घर्र्‌घर्र्‌घर्र्‌... टक्‌."

कुणीतरी खुदकन हसलं. मग सगळेच हसले. लेकीच्या हातातला धागा तुटला.

दिग्दर्शिका बाई खांबापाशी आल्या. "काका, क्लिक चालेल. क्लिक खोकल्यात खपून जातं. पण हे काय आहे? पिठाची गिरणी? उद्या प्रयोगाला हा आवाज आला तर तुमचा कॅमेरा बाहेर आणि तुम्ही त्याच्यासोबत."

काकांनी मान डोलावली. निघताना त्यांनी सवयीनं एक शेवटचा फोटो काढला. ही त्यांची जुनी रीत. काकू नेहमी तिसऱ्या रांगेत कडेला बसत, खेळ संपला की मागे वळून "आटपा आता" अशी खूण करत, आणि काका त्या वळलेल्या चेहऱ्याचा एक फोटो घेऊन मगच कॅमेरा पिशवीत घालत. "घर्र्‌... टक्‌." दिग्दर्शिका बाईंनी कानांवर हात ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्लायवूडच्या दोन्ही बाजूंनी वाद झाला.

"ग्रीस घालून दे," काका म्हणाले.

"ग्रीस घालून घालून तिचा लाडू झालाय. अहो, तुमच्या लेन्सला स्वतःचे हातपाय नाहीत. मोटर आहे कॅमेऱ्याच्या पोटात. तिथून हा एवढासा दांडा बाहेर येतो, बघा, स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकासारखा. तो लेन्सच्या खाचेत शिरतो आणि फिरतो. मग आतली दातेरी चाकं एकमेकांना ढकलत काच पुढं-मागं करतात. एवढं लटांबर निघाल्यावर आवाज होणारच."

"म्हणजे दोष कॅमेऱ्याचा. लेन्स बिचारी गप्प असते. तो तिला ओढतो म्हणून ती ओरडते."

"दोष कुणाचाच नाही. दोष जोडीचा."

"आपल्यासारखा?"

"आपल्यात मोटर कुणाच्या अंगात आहे ते गल्लीला ठाऊक आहे," काकू म्हणाल्या, आणि हातातला स्क्रू फिरवता फिरवता गुणगुणल्या. त्यांच्या माहेरी बायका टोमणासुद्धा चालीवर मारत.

"दांडा फिरे घरघर, चाकं दातांनी चावती,
अशी जोडी संसाराची, शेजाऱ्यांना जागवती."

मग त्यांनी खणातून कापडात गुंडाळलेली एक लेन्स काढली. दोन मोडक्या लेन्स जोडून काकूंनी ती एक घडवली होती. कुणाला हात लावू देत नसत. "हिची मोटर हिच्याच पोटात. आत दोन कड्या आहेत. एक कडी थरथरते, इतकी बारीक की माणसाच्या कानाला कळत नाही. त्या थरथरीची लाट उठते आणि दुसरी कडी त्या लाटेवरून सरकते. गर्दीनं एखाद्याला हातोहात डोक्यावरून पुढं न्यावं तशी. ना दांडा, ना दाते. आणि हा हिच्यासोबतचा कॅमेरा. हलका आहे, कारण ह्याच्यात मोटर घातलेलीच नाही. लेन्स आपलं आपण बघते. ही जोडी आहे. जोडी मोडायची नाही. कळलं?"

"कळलं."

"काय कळलं?"

"जोडी मोडायची नाही." काकांनी शब्द पाठ केले. अर्थ टेबलावरच राहिला. त्यांचं लक्ष आपल्या जुन्या लेन्सकडे होतं. ती कोपऱ्यात एकटी पडली होती.

त्या लेन्समधून त्यांनी काकूंना पहिल्यांदा पाहिलं होतं. काकू तेव्हा ओळखपत्राच्या फोटोसाठी आलेल्या. मोटर अडकली होती, काका घामाघूम झाले होते, आणि स्टुलावर बसलेली ती मुलगी उठून सरळ कॅमेऱ्यापाशी आली, लेन्सची कडी स्वतःच्या हातानं फिरवून म्हणाली, "हं. आता मी परत जाऊन बसते, तुम्ही दाबा." काकांनी दाबलं. त्यानंतर त्या घरातल्या बहुतेक गोष्टी तशाच होत आल्या.

आणि लेकीचा फोटो परक्या लेन्सनं काढायचा? छे.

संध्याकाळी काका नवी जोडी गळ्यात घालून निघाले. जुनी लेन्स कोटाच्या खिशात होती. नाट्यगृहात पोचल्यावर पिशवी काकूंनी सांभाळायला घेतली आणि त्या तिसऱ्या रांगेत जाऊन बसल्या. काका "पोरीला शाबासकी देऊन येतो" म्हणून पडद्यामागे गेले. तिथल्या अंधारात त्यांनी लेन्स बदलली. काकूंची लेन्स कोटाच्या खिशात आदळत राहिली असती, तिला मऊ जागा हवी. चाचपडताना हाताला लोकर लागली. कुणाचं तरी विणकाम होतं, टोपलीत. काकांनी लेन्स गुंड्यांच्या मधोमध अलगद निजवली, वर लोकर पांघरली. पिलाला घरट्यात ठेवल्यासारखी.

टोपली ओळखायला डोळे लागतात.

खेळ सुरू झाला. काकांनी खांबाला पाठ लावली, कॅमेरा डोळ्याला लावला, बटण अर्धं दाबलं. शांत! पुन्हा दाबलं. चिडीचूप! काकांची छाती फुगली. आत जसं दिसत होतं तसंच बाहेरही दिसत होतं, दुधात बुडवलेलं जग, त्यामुळे डोळ्यांना विचारण्यात अर्थ नव्हता. कानांनी निर्वाळा दिला की आवाज नाही. 'बघा!' काका मनात म्हणाले. 'लेन्स निर्दोष होती. त्या जुन्या कॅमेऱ्याचीच मेल्याची जीभ लांब. नव्याची मोटर कशी, आली कधी, गेली कधी, पत्ता लागू देत नाही, टक्‌सुद्धा गिळते.'

मोटर आली नव्हती, गेलीही नव्हती. कॅमेऱ्यात मोटर नाही, लेन्समध्येही नाही. दोन गृहस्थ, दोघांना वाटतंय स्वयंपाक दुसऱ्यानं केला असेल. ती लेन्स काल जिथं थांबली होती तिथंच अजून उभी होती.

काका दाबत सुटले.

मग तो प्रवेश आला. म्हाताऱ्या आईनं स्वेटर उसवला. धागा सरत आला. सभागृहात पापणी मिटल्याचाही आवाज नव्हता. ती उठली आणि तिनं टोपलीला लाथ घातली.

"धाड्‌! ठक्‌, ठक्‌, ठक्‌, गडगडगड..."

लोकरीच्या गुंड्या असा आवाज करत नाहीत. लाल, पिवळ्या, निळ्या गुंड्यांच्या मागोमाग पायऱ्या उतरत एक काळी लेन्स आली, रंगमंचाच्या अगदी कडेला येऊन दोनदा डुलली आणि थांबली.

तिसऱ्या रांगेत काकूंनी तिला ओळखलं. जत्रेत हरवलेलं मूल आईनं ओळखावं, तसं. त्या खुर्चीत गर्रकन मागे वळल्या. त्या नजरेनं दगड तडकला असता.

खांबाजवळच्या काकांना फक्त एक गोरा ठिपका आपल्याकडे वळलेला दिसला. 'हसतेय,' त्यांना वाटलं. 'आवाज नाही म्हणून खूश आहे.' त्यांनीही हसून मान डोलावली आणि त्या ठिपक्याचे आनंदानं चार-पाच फोटो घेतले.

रंगमंचावर लेक क्षणभर थिजली. पण ती नाटकातली पोर. म्हातारीच्या चालीनं वाकत ती आली, लेन्स उचलली, पदराला पुसली आणि डोळ्याला लावून अंधारात शोधू लागली. डावीकडे, उजवीकडे, पार मागच्या खांबापर्यंत. मुलगा कुठं दिसतोय का. मग तिनं ती लेन्स लोकरीत गुंडाळून टोपलीत ठेवली.

टाळ्या थांबेनात.

पडदा पडल्यावर दिग्दर्शिका बाई धावत आल्या. "काय सुचलं हे! त्या आईची नजर, तिची वाट पाहणं, सगळं त्या एका भिंगात! उद्याच्या प्रयोगालाही ते हवंच हं!" लेक काकांकडे बघत होती, काका काकूंकडे हसून बघत होते, आणि काकू कुणाकडेच बघत नव्हत्या.

घरी येईपर्यंत काकू एक शब्द बोलल्या नाहीत. त्यांच्या रागाची मोटर त्या दिवशी नव्या पद्धतीची होती. हालचाल सगळी, आवाज शून्य.

सकाळी त्यांनी लेन्सला टॉर्च मारली. काचा शाबूत होत्या, मोटर गेली होती. थरथरणारी कडी तडकली होती. काकू उठून अलीकडे आल्या, कॅमेऱ्यातलं कार्ड कॉम्प्युटरला लावलं आणि काकांना शेजारी बसवलं. लेकही चहाचा कप घेऊन मागे उभी राहिली. "बाबा, माझा भिंतीवरचा कुठला ते आज ठरवू या."

पहिला फोटो उघडला. रंगमंच म्हणजे पिवळ्या-जांभळ्या धुक्याचा ढग. त्या ढगात म्हातारी म्हणजे एक करडा डाग. आणि खाली कोपऱ्यात एक अंबाडा. केस न केस मोजून घ्यावा इतका स्वच्छ. अंबाड्यातल्या पिनेवरचा गंजसुद्धा दिसत होता.

दुसरा फोटो. धुकं, डाग, अंबाडा. तिसरा. धुकं, डाग, अंबाडा.

"हा कुणाचा अंबाडा?" लेकीनं विचारलं.

"गप," काकू म्हणाल्या. आणि मग हळूच काकांकडे वळल्या. काका पडद्याकडे बघून मंद हसत होते.

"कसा आलाय?" काकूंनी विचारलं.

"सुरेख," काका म्हणाले. "पोरगी काय उभी राहिलीय!"

काकूंनी पुढचा फोटो उघडला. त्यात काकू स्वतः होत्या. मागे वळलेल्या, डोळे वटारलेले, नाकपुड्या फुगलेल्या, ओठ असे मिटलेले की सुरीही आत जाऊ नये. मागे धुक्यात लेकीचा डाग लेन्स उचलत होता.

"आणि हा?"

"हा तर सगळ्यांत छान. पोरगी... आणि ही तू ना? किती गोड हसतेयस."

लेकीला चहाचा ठसका लागला. काकूंना हसू आलं नाही. त्या पलीकडे गेल्या, बारीक टॉर्च घेऊन आल्या, काकांची हनुवटी धरली आणि म्हणाल्या, "हलू नका."

आयुष्यात पहिल्यांदा ते शब्द नाव म्हणून नाही, हुकूम म्हणून काकांना कुणीतरी ऐकवत होतं. ते हलले नाहीत.

टॉर्चचा प्रकाश आत गेला आणि दुधावरून परत आला. काकूंनी दुसरा डोळा पाहिला. मग टॉर्च बंद केली आणि बराच वेळ तिचं टोपण शोधत राहिल्या. ते त्यांच्या दुसऱ्या हातातच होतं.

"कधीपासून?"

"होईल वर्ष."

"मग आजवरचे फोटो?"

काकांनी तोंडानं आवाज काढला, "घर्र्‌घर्र्‌... टक्‌." मग म्हणाले, "टक्‌ झालं की दाबायचं."

"कानांनी फोटो काढत होता!"

"नाटक झाल्यावर सांगणारच होतो. तू कॅमेरा काढून घेतला असतास. भिंतीवर पोरीचा फोटो दुसऱ्या कुणीतरी..."

लेकीनं कप खाली ठेवला. "बाबा, भिंतीचं राहू द्या. आईचाच लावू या की. खाली लिहू, 'नाटक आवडलं नाही.'"

आता मात्र काकू हसल्या. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि पुसता पुसता तिन्ही वस्तू पुढ्यात ओढल्या. काकांचा जुना कॅमेरा: मोटर आहे, पण आवाजामुळे बंदी. स्वतःची लेन्स: मोटर मेलेली, वर संध्याकाळी तिला नाटकात काम. काकांची जुनी लेन्स आणि हा हलका कॅमेरा: दोघांत मिळून मोटर नाही.

"हीच जोडी," काकू म्हणाल्या.

"अगं, पण फिरवणार कोण?"

"पहिल्या दिवशी कुणी फिरवलं होतं?"

त्या संध्याकाळी तिसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची रिकामी राहिली. दहाव्या रांगेमागे, खांबाजवळ, स्टँडवर कॅमेरा उभा होता. कॅमेऱ्याच्या मागचा पडदा उजळला की आजूबाजूच्यांना त्रास होईल, म्हणून काकूंनी स्टुडिओतलं काळं कापड आणलं होतं, आणि त्या एका कापडाखाली नवरा-बायको दोघंही डोकं घालून उभे होते. येणारे-जाणारे थबकून बघत होते. दिग्दर्शिका बाईंनी लांबून हातानंच विचारलं, हे काय? लेकीनं पडद्याआडून हात जोडले.

कापडाखाली उकडत होतं.

"तुमचं कोपर माझ्या बरगडीत आहे."

"तुझी बरगडी माझ्या जागेत आहे."

"हळू बोला. गिरणी परवडली."

प्रवेश आला. काकांना पडद्यावर दूध दिसत होतं, दुधात एक करडी हालचाल. पण ती हालचाल त्यांच्या ओळखीची होती. पाळण्यात होती तेव्हापासूनची. ही पोर काही करायच्या आधी श्वास धरते आणि डावा खांदा किंचित वर जातो, हे त्यांना दुधातूनही कळत होतं. काकूंची दोन बोटं लेन्सच्या कडीवर होती. कडी थोडी पुढं, थोडी मागं, पुन्हा पुढं. आवाज नाही. काकूंच्या काकणांना त्यांनी आधीच रुमाल बांधला होता.

टोपली उडाली. गुंड्या घरंगळल्या. लेन्स गडगडत आली आणि कडेला डुलून थांबली. काकूंनी ओठ चावला, पण बोटं हलू दिली नाहीत. म्हातारी वाकली, लेन्स उचलली, पुसली, डोळ्याला लावली. डावीकडे. उजवीकडे. मग पार मागे, खांबाकडे.

खांद्याचा तो किंचित उचललेला डाग काकांना दिसला. "आत्ता," ते पुटपुटले.

"टक्‌," काकू त्यांच्या कानात म्हणाल्या.

काकांनी दाबलं.

दुसऱ्या दिवशी कॉम्प्युटरवर तो फोटो उघडला तेव्हा काकूंनी तो काकांना तोंडी दाखवला. "कपाळावरची आठी आली आहे. पेन्सिलनं काढलेली आठी आणि तिची स्वतःची, दोन्ही वेगवेगळ्या कळतात. लेन्सच्या काचेत सभागृहाचे दिवे आले आहेत, बारीक, दाण्यांसारखे. आणि काचेच्या आड डोळा. डोळा असा, की कुणीतरी सापडलंय."

"ती आपल्याकडे बघत होती," काका म्हणाले.

"कापडाखालून दिसलं तुम्हाला?"

"नाही. तेवढं ठाऊक होतं."

भिंतीवर तो फोटो लागला. दुकानात दुसरा लागला, वटारलेल्या डोळ्यांचा, काकूंच्या टेबलाच्या बरोबर वर. तेव्हापासून गिऱ्हाइकं बुरशीबद्दल खोटं बोलेनाशी झाली. काकू काम करताना कधी वर बघत आणि गुणगुणत.

"कुणी म्हणे मोटर इथं, कुणी म्हणे तिथं,
फिरवायाला कुणी फिरवी, थांबायाचं कुठं?"

डॉक्टरांच्या खुर्चीत काका बसले तेव्हा काकू शेजारी उभ्या होत्या, पर्समध्ये टॉर्च घेऊन. डॉक्टरांनी समजावून सांगितलं. "जन्माची लेन्स डोळ्यातले स्नायू ओढतात, सैल सोडतात, म्हणून जवळचं-लांबचं आपोआप दिसतं. ही नवी लेन्स तशी नाही. हिला कुणी हलवणार नाही. एकाच अंतरावर पक्की."

काका खुर्चीत सावरून बसले. "म्हणजे डॉक्टर, जन्मतः मोटर लेन्समध्ये नसते? बाहेर असते?"

"तसं म्हणायला हरकत नाही."

"ऐकलंस? देवानंसुद्धा मोटर बॉडीतच बसवली."

"आणि चाळिशीला लेन्स अडकते," काकू म्हणाल्या. "ग्रीस घालायला विसरला तुमचा देव. डॉक्टर, एक विचारू? सगळं बसवून झाल्यावर काही उरत तर नाही ना?"

डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. त्यांनी पेन उघडलं. "तर मग अंतर कुठलं धरू? लांबचं स्वच्छ हवं, की वाचायचं?"

काकांनी विचार केला. "दहाव्या रांगेमागच्या खांबापासून तिसरी रांग. कडेची खुर्ची."

डॉक्टरांचं पेन थांबलं. त्यांनी काकूंकडे पाहिलं.

काकूंनी पर्स उघडली, आत काहीच शोधलं नाही, बंद केली. "लिहा," त्या म्हणाल्या. "तेवढं अंतर मला ठाऊक आहे. सांगते."